एका कान्याचा फरक

९ जानेवारी

बाबा,

दुकानाच्या फोनवर तीन वेळा प्रयत्न केला. तिन्ही वेळा तुमच्याच आवाजात उत्तर मिळालं, "मिस्त्री बाहेर गेलेत." तिसऱ्या वेळी मी विचारलं, कधी येतील? तर म्हणालात, "सांगता येत नाही, लहरी माणूस आहे." निदान हे वाक्य खरं होतं, म्हणून मी फोन ठेवला.

म्हणून कागद. घरच्या पत्त्यावर पाठवला असता तर आईने आधी वाचला असता आणि मग तुम्हाला तिच्या शब्दांत सांगितला असता. तिच्या शब्दांत माझी कुठलीही हकीगत "पोरगी वाळलीय" इथे येऊन संपते. दुकानात निदान मूळ प्रत मिळेल.

हे पत्र माफीचं नाही. दोन वर्षांपूर्वी मी या नोकरीला निघाले तेव्हा दारात आपण एकमेकांना जे बोललो, त्याबद्दलही नाही. कामाचं आहे.

काल माझ्या टेबलावर एक वॉशिंग मशीन आलं. मागचा पत्रा काढला. आतल्या बाजूला शिसपेन्सिलीने लिहिलेलं होतं: "१४ डिसेंबर. पट्टा बदलला. बेअरिंग कुरकुरतं, पण वर्षभर जाईल. पुढच्या मिस्त्रीसाठी: खालचा डावा स्क्रू अतिशहाणा आहे, आटे गेलेत, जोर लावू नये."

मी तो जोर लावूनच काढला होता.

अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. तुमच्या 'श'ला गाठ असते. मी वाचायला शिकले ती असल्याच पत्र्यांवर, हातात बॅटरी धरून. मी अक्षरं वाचायला गेले की उजेड हलायचा आणि तुम्ही ओरडायचात, "उजेड इथे धर, तिकडे काय वाचतेस?" पण वाचलेलं चुकलं की दुरुस्तही तुम्हीच करायचात.

तर हे मशीन माझ्यापर्यंत कसं आलं ते सांगते. ग्राहकांच्या पत्रकात सगळं छापलेलं आहे, मी गुपित फोडत नाही. कंपनीने तुमच्या भागातल्या सहाशे मशीनमध्ये एक नवी सोय चाचणीसाठी घातली आहे. कंपनीचा कोड न देता मागचा पत्रा उघडला, की मशीन ते लक्षात ठेवतं. पुन्हा सुरू केलं की स्क्रीनवर वाक्य येतं, "अनधिकृत हाताळणी आढळली", आणि धुणं थांबतं ते थांबतंच. मग कंपनीचा माणूस ग्राहकाला दुसरं मशीन देतो आणि बंद पडलेलं आमच्या लॅबमध्ये पाठवतो. बाहेरच्या माणसाने आत काय बिघडवलं हे शोधणं, हे माझं काम. ३१ मार्चला अहवाल जाईल. तो अनुकूल असला तर ही सोय सगळ्याच मशीनमध्ये येईल. मग तुमच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक मशीनचं काय होईल, ते मी लिहायची गरज नाही.

तुम्ही बदललेला पट्टा मी तपासला. ताण अचूक आहे.

एक तांत्रिक प्रश्न. मशीन बंद पडणार हे माहीत असूनही तुम्ही ते उघडता का? उत्तर अपेक्षित आहे.

आपली,
मुलगी


३० जानेवारी

बाबा,

तुमचं उत्तर काल मिळालं. टपालाने नाही, ड्रमच्या मागून.

"२३ जानेवारी. पंपात केसांची पिन होती, काढली. गिऱ्हाइकाला आधी सांगितलं, उघडलं की बंद पडेल. त्या म्हणाल्या, पाणी तुंबून बंदच आहे, आणखी काय बंद पडणार? पुढच्या मिस्त्रीसाठी: 'तुम्ही' म्हणजे कोण? दुकानात मी एकटाच असतो. आणि अनधिकृत कोणाला म्हणता? मी काय गच्चीवर चढवलेला मजला आहे?"

मी हे वाचत असताना शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारलं, "काय गं, हसलीस?" मी म्हणाले, "पिन सापडली." त्याला आम्ही दशांश म्हणतो. चहा किती गरम आहे हेसुद्धा तो दोन दशांश स्थळांपर्यंत सांगतो.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. 'तुम्ही' ही सवय आहे. दोन वर्षांची सवय एका पत्र्याने मोडत नाही. 'अनधिकृत' हा शब्द कंपनीचा आहे.

पंपाची जाळी बसवताना रबराची कड आत दुमडली जाते. तुम्ही ती सरळ केली आहे. आमच्या माहितीपुस्तिकेत हे लिहिलेलं नाही. मी आता लिहिलं. कोणी सांगितलं हे लिहिलेलं नाही.

आपली,
मुलगी


१४ फेब्रुवारी

बाबा,

या पंधरवड्यात तुमची पाच मशीन आली. पाचही बंद, पाचही उत्तम दुरुस्त. दशांश आता बंद मशीन आलं की विचारतो, "पेन्सिलवालं आहे का?" त्याला पेन्सिलवाली आवडतात, कारण बिघाड कुठे होता ते शोधावं लागत नाही. "हा माणूस कोण आहे कळलं पाहिजे," तो म्हणाला. मी म्हणाले, "कुणीतरी स्थानिक कारागीर." वाक्य अचूक आहे.

तुमच्याकडे पेपरात आलं असेलच. दुरुस्तीच्या हक्काचा कायदा करावा की नाही, यावर सरकार लोकांची मतं मागवतंय. आमच्या कँटीनमध्ये आठवडाभर दुसरा विषय नाही. परवा पॅकिंगमधली एक जण म्हणाली, "मशीन मी घेतलं, पत्रा माझ्या घरात आहे, मग उघडायला परवानगी कोणाची?"

दशांश म्हणाला, "विमान तू घरी उघडतेस का?"

"विमान मी घरी ठेवत नाही. धुणं ठेवते."

"मशीनमध्ये वीज आणि पाणी शेजारी-शेजारी राहतात," दशांश म्हणाला. "त्यांचं भांडण लागलं तर माणूस मरतो. मधली भिंत कोणी काढली हे कंपनीला कळायला नको?"

"कळू दे की. घर कशाला सील करता?"

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण अहवाल माझा. मी म्हणाले, "माझी मोजणी चालू आहे," आणि ताट उचललं. तुम्हाला आवडलं नसतं. पण दशांशचा मुद्दा चुकीचा नाही, बाबा. पाणी आणि वीज खरंच शेजारी राहतात. तुम्हीच मला हे पहिल्यांदा शिकवलंत, आणि माझ्या बोटाने न ऐकल्यामुळे दुसऱ्यांदाही.

आईचा फोन आला होता. तिच्याकडून कळलेल्या बातम्या, तिच्याच क्रमाने. एक, मी वाळलेय. दोन, दुकानाशेजारचे न्हावीकाका या कायद्याच्या बाजूने सह्या गोळा करताहेत आणि अर्धी दाढी झाली की कागद पुढे करतात. "दाढी अर्धी राहिलेला माणूस कुठल्याही मताला हो म्हणतो गं," आई म्हणाली. तीन, गावात बोलबाला झालाय, की मिस्त्रीकडून मशीन उघडून घेतलं की कंपनी नवंकोरं देते. एक निवृत्त हेडक्लार्क धडधाकट मशीन हातगाडीवर घालून घेऊन आले आणि म्हणाले, "जरा उघडा, फक्त उघडा." तुम्ही म्हणालात म्हणे, "मी आजारी मशीन उघडतो. हावरी माणसं उघडायची हत्यारं माझ्याकडे नाहीत."

हे मी लॅबमध्ये कोणाला सांगितलं नाही. सांगायला फार आवडलं असतं.

चार, घरचं मशीन अखेर गेलं. त्यात मूळचं फक्त झाकण उरलं होतं, हे मलाही माहीत होतं. आई हाताने धुतेय. "गावाची मशीन नीट करतो आणि घरात दिव्याखाली अंधार," असं ती म्हणाली, आणि "तुझ्या कंपनीचं एक पाठव, त्यांचं काय ते मी बघते." मी म्हणाले, बाबा दारातून आत येऊ देणार नाहीत. तिने धुण्याचा नळ बंद केल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "मशीनचं म्हणत नाहीस ना?"

आपली,
मुलगी


२ मार्च

बाबा,

हे पत्र लिहायला दोन दिवस लागले.

शुक्रवारी तुमचं एकोणिसावं मशीन आलं. पत्र्यावर लिहिलेलं आहे: "१९ फेब्रुवारी. पाण्याची नळी बदलली. पुढच्या मिस्त्रीसाठी: काही नाही, मशीन गुणी आहे."

नळी बरोबर आहे. पण तिच्या टोकाची क्लिप जागेवर नाही. ती खाली, तळाशी पडलेली सापडली. नळी नुसत्या घट्टपणावर टिकून होती. मशीन बंद पडलं नसतं, तर दहा-पंधरा धुण्यांत ती निसटली असती आणि पाणी थेट बोर्डावर पडलं असतं. वीज आणि पाणी.

मी तीन वेळा तपासलं. वाहतुकीत निघाली असेल का, हेही पाहिलं. दुसऱ्या सहा मशीनना हादरे देऊन बघितले, क्लिप एकदाही निघाली नाही. त्यामुळे ती लावायचीच राहिली, असं म्हणावं लागतं.

अहवालात फेब्रुवारीअखेरपर्यंतची बंद मशीन धरायची आहेत, ती सव्वीस भरली. एकोणीस तुमची, सात इतरांची. सव्वीसपैकी पंचवीसमध्ये कुठलाही धोका नव्हता. धोका एकात, आणि ते तुमचं.

हे मी अहवालातून गाळू शकते. क्लिप माझ्या खिशात आहे आणि अजून कोणी पाहिलेली नाही. मी हे लिहिते आहे, कारण गाळायचा विचार मला आला आणि तो माझ्या डोक्यात तब्बल एक दुपार राहिला. मी एवढा वेळ कुठलाच चुकीचा आकडा जवळ ठेवत नाही.

तुमचं काय म्हणणं आहे?

आपली,
मुलगी


१३ मार्च

बाबा,

उत्तर मिळालं. यावेळी पत्रा पूर्ण भरलेला होता. दशांश शेजारी होता, म्हणून मी तो भिंतीकडे वळवून वाचला.

"८ मार्च. दाराचं रबर बदललं. पुढच्या मिस्त्रीसाठी: क्लिपची चूक माझी. चष्म्याचा नंबर वाढलाय हे डोळ्यांना तीन महिन्यांपूर्वीच कळलं होतं, मला परवा कळलं. नवा चष्मा आला. ज्या बाईंचं मशीन होतं त्यांच्या घरी जाऊन सांगून आलो. अहवालात लिही. न लिहिलीस तर मी तुला बॅटरी धरायला शिकवलं हे लोकांना सांगायचं बंद करीन. आईला हे पत्रापत्रीचं प्रकरण कळलंय. तिने विचारलं, पोरगी पत्र लिहिते तर तुम्ही का लिहीत नाही? म्हटलं, लिहितो की. ती पत्र लिहिते, मी पत्र्यावर लिहितो. एका कान्याचा फरक."

क्लिप अहवालात गेली. पान चार, छायाचित्रासह.

आता माझी. तुम्ही तुमची चूक पत्र्यावर लिहिलीत, त्यामुळे मला कागदावर लिहिणं भाग आहे.

३० जानेवारीच्या पत्रात मी लिहिलं होतं की 'अनधिकृत' हा शब्द कंपनीचा आहे. तो माझा आहे. नोकरी लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात स्क्रीनवरच्या दोनशे बारा वाक्यांची यादी माझ्याकडे आली. कुठल्या तरी यंत्राने त्यांचं आपल्या भाषेत भाषांतर केलं होतं. "द्वार मुक्त आहे." "जल अनुपस्थित." मी ती सगळी माणसांची केली. "दार उघडं आहे." "पाणी येत नाही." एका जागी होतं, "अज्ञात व्यक्तीने अंतर्भागात प्रवेश केला." मी ते खोडून "अनधिकृत हाताळणी आढळली" असं लिहिलं. मला ते नेमकं वाटलं. लांबीही बसत होती, स्क्रीनवरच्या अक्षरांच्या एकोणतीस जागांत. कोणाचे हात, हा प्रश्न मला पडला नाही. खरं म्हणजे पडला. आपलं भांडण होऊन तेव्हा सात आठवडे झाले होते. मी तो शब्द तुमचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवून निवडला.

दुसरं, 'तुम्ही'. दारात तुम्ही म्हणालात, "जा, कुलपं बनव." मी म्हणाले, "तुमचं काम आणखी दहा वर्षांत संपेल." त्याआधी चोवीस वर्षं मी तुम्हाला कधीही 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. ते वाक्य 'तू'ने बोलताच येईना, म्हणून 'तुम्ही' उसनं घेतलं. नंतर परत करायचं राहून गेलं.

एवढंच.

मुलगी


२१ मार्च

बाबा,

तुमचा पत्रा अजून आलेला नाही. इकडे मात्र बरंच झालंय.

मंगळवारी दशांशने माझी नोंदवही उचलून एका पत्र्याशेजारी धरली.

"हा 'श' बघ."

"बघितला."

"आता हा बघ. वहीतला."

मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"गाठ. दोन्हीकडे खालून वर, डावीकडे ओढलेली. रुंदी तीन पूर्णांक एक आणि तीन पूर्णांक शून्य."

"मोजलीस?"

"दोनदा." त्याने वही खाली ठेवली. "कारागीर तुझा कोण लागतो?"

"वडील."

"आणि हे अहवालात कुठल्या पानावर आहे?"

"कुठल्याच नाही."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "पण तू तर एकच चूक दाखवलीस, तीही त्यांची." मग म्हणाला, "तू सांगतेस की मी सांगू?"

मी सांगितलं. लॅबच्या प्रमुख मॅडम मोजकं बोलतात. मी त्यांच्याकडूनच शिकले असं इथे सगळे समजतात. मी अहवाल त्यांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, यातली पेन्सिलवाली एकोणीस मशीन माझ्या वडिलांची आहेत, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आमची पत्रापत्री आहे, आणि हे मी लपवलं.

"म्हणजे दोन महिने तू वडिलांचे पेपर तपासत होतीस."

"हो."

"किती मार्क दिलेस?"

"एकोणिसात अठरा."

"एक का कापलास?"

"चूक होती."

त्यांनी पान चार उघडलं आणि क्लिपचं छायाचित्र बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "या अहवालावर तुझी सही चालणार नाही. मोजणी सगळी नव्याने होईल, तुझ्या शेजारच्या टेबलावरचा करेल. तू टेबलाजवळही जायचं नाहीस. तुझं काय करायचं ते ३१ तारखेनंतर." मी दाराशी पोचले तेव्हा त्यांनी हाक मारली. "आपल्या स्वतःच्या माणसांनी दुरुस्त केलेली सव्वीस मशीन मोजलीस का कधी?"

"नाही. मोजायला कोणी सांगितलं नाही."

"आता सांगते. त्याला."

त्यामुळे गेले तीन दिवस मी खिडकीजवळ बसून जुन्या फायलींवर नावं चिकटवते आहे आणि दशांश माझ्याकडे पाठ करून स्क्रू काढतो आहे. काल त्याला पाचवं मशीन उघडताना अडचण आली. मी लांबूनच म्हणाले, "खालचा डावा अतिशहाणा आहे." तो म्हणाला, "बोलू नकोस," आणि मग हळूच काढला.

नोकरी राहील की जाईल मला माहीत नाही. गेली तर तुमच्या दुकानात बॅटरी धरायला जागा आहे का, हा प्रश्न नाही. नुसती चौकशी आहे.

मुलगी


४ एप्रिल

बाबा,

आधी आकडे.

दशांशची मोजणी माझ्या मोजणीशी जुळली, दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत. सव्वीसात एक. मग त्याने कंपनीच्या माणसांनी दुरुस्त केलेली सव्वीस उघडली. त्यांत दोन चुका निघाल्या. तीच क्लिप, तीच जागा. कोड देऊन उघडलेली असल्यामुळे मशीनने त्या माणसांपैकी एकालाही अडवलं नव्हतं.

अहवालाचं शेवटचं वाक्य दशांशचं आहे, माझं नाही. मला हेवा वाटला. "कुलूप हात ओळखतं, काम ओळखत नाही."

मोठ्या बैठकीत मला बोलावलं नव्हतं. जे कळलं ते दशांशकडून. विक्रीवाल्यांनी विचारलं, हा पेन्सिलवाला कोण? मॅडम म्हणाल्या, "ज्याची चूक आपल्याला त्याच्या मुलीने दाखवली तो. आपल्या दोन आपल्याला कोण दाखवणार होतं?" मग कोणीतरी गावात नव्या मशीनसाठी रांग लागल्याचं सांगितलं, आणि तेवढ्याने निम्म्या बैठकीला पटलं. तत्त्वाने जे होत नाही ते हेडक्लार्कच्या हातगाडीने होतं.

तर मशीन बंद पाडणारी ती सोय काढली. चाचणीतल्या सहाशे मशीनमधूनही निघेल. 'तूर्त' असं लिहिलं आहे, म्हणून फार उड्या मारू नका. न्हावीकाकांना सह्या चालू ठेवायला सांगा.

माझी नोकरी राहिली. लेखी समज मिळाली. त्यात "माहिती दडवली" असं आहे. वाक्य अचूक आहे.

आता गंमत. पत्र्याच्या आत पुढच्या माणसासाठी निरोप लिहायची तुमची पद्धत मॅडमना आवडली. आता प्रत्येक मशीनच्या मागच्या पत्र्यावर आतून एक रिकामं लेबल चिकटवलेलं येईल: तारीख, काय केलं, पुढच्यासाठी सूचना. ज्याने कोणी उघडलं त्याने लिहावं. जाहिरात विभागाने त्याचं नाव 'सेवा-स्मृती-पट्टिका' ठेवलं आहे, आणि ही आमची क्रांतिकारी कल्पना आहे असं ते छापणार आहेत. मी एवढंच म्हणाले की या कल्पनेला चाळीस वर्षं झाली. जाहिरातवाल्याने विचारलं, "कुठल्या कंपनीत?" मी म्हणाले, "एका माणसाच्या."

आणि तुमचा पत्रा काल आला. चाचणीतलं बंद पडलेलं हे शेवटचं मशीन.

"२६ मार्च. मोटारीचे कार्बन बदलले. पुढच्या मिस्त्रीसाठी: शब्द तुझा आहे हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. बाकीची वाक्यं इतकी सरळ कंपनीला कुठून सुचणार? 'पाणी येत नाही' हे मीच गिऱ्हाइकांना म्हणतो. दुकानात जागा आहे, बॅटरीचे सेल बदलून ठेवलेत. पण तू तिकडेच बरी. कुलपं बनवणाऱ्यांत एक तरी किल्लीवाल्याच्या घरची हवी. वाक्य बदल म्हणजे झालं."

बदललं. ते काम माझ्याकडेच आलं, कारण दुसऱ्या कोणाला एकोणतीस जागांत बसवता येईना. आता पत्रा उघडला की मशीन चालू राहतं आणि स्क्रीनवर येतं: "पत्रा उघडला होता. नोंद वाचा."

कोणी उघडला हे त्यात नाही. मी मुद्दाम ठेवलं नाही.

आईला सांगा, मशीन येतंय. कर्मचाऱ्यांना मिळतं तसलं, लेबल लावलेलं पहिलं. शनिवारी टेम्पोने. टेम्पोत पुढे आणखी एक जागा आहे.

मुलगी


१० एप्रिल, पत्र्यावर

१० एप्रिल. नवं मशीन. काही बदललेलं नाही. लेबलवर चारच ओळी आहेत, म्हणून खाली पत्र्यावर उतरते आहे.

पुढच्या मिस्त्रीसाठी: धडधाकट मशीन तू उघडत नाहीस हे मला माहीत आहे. म्हणून खालचा डावा स्क्रू अर्धा फेरा सैल ठेवला आहे. धोका काही नाही, दशांशने मोजलंय. पण पहिल्या धुण्याला खडखड येईल, आई स्वयंपाकघरातून ओरडेल, आणि तू "कंपनीचा माल" असं पुटपुटत पान्हा आणायला जाशील. पान्हा नको, स्क्रूड्रायव्हर पुरे.

एवढं वाचतो आहेस म्हणजे पत्रा निघाला. नवा चष्मा लाव. आता वळून बघू नकोस, अक्षरावरचा उजेड हलेल. तो मीच धरलाय.

— बॅटरी